झोतभट्टी, धावडाची भट्टी आणि मळी : नेमका शब्द कोणता?

प्रश्न :
पेनसिल्व्हेनियातील एका नदीकाठच्या पायवाटेलगत लोखंडाच्या जुन्या, सोडून दिलेल्या भट्टीचे अवशेष आहेत आणि त्यांचे वर्णन मी कोल्हापूरच्या वाचकांसाठी लिहीत आहे. वर निमुळता होत गेलेला चौकोनी दगडी मनोरा, त्याच्या पायथ्याशी दोन कमानी आणि आसपासच्या मातीत विखुरलेले काचेसारखे निळे-हिरवे खडे, एवढेच आता तेथे शिल्लक आहे. मनोऱ्याला ‘धुराडे’ म्हणावे की ‘भट्टी’? त्या खड्यांसाठी ‘लोहकीट’ हा शब्द योग्य ठरेल का?

उत्तर :
‘धुराडे’ हा शब्द कृपया वापरू नये. धुराडे केवळ धूर बाहेर नेते. येथे मात्र लोखंड तयार होण्याचे सगळे काम त्या मनोऱ्याच्या पोटातच होत असे. अशा भट्ट्या बहुधा टेकाडाला लागून बांधत, म्हणजे टेकाडावरून छोट्या पुलाने येऊन लोणारी कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी वरच्या तोंडातून आत टाकता येत असे. खाली एका कमानीतून भात्याचा वारा आत जाई आणि दुसरीतून वितळलेले लोखंड बाहेर काढले जाई. भाते पाणचक्कीवर चालत, म्हणूनच या भट्ट्या ओढ्या-नद्यांच्या काठी सापडतात. त्याच राज्यातील हॉपवेल येथील भट्टी १७७१ ते १८८३ या काळात चालली आणि ती आज जतन केलेली असल्यामुळे ही सारी रचना तेथे पाहता येते. मराठीत या प्रकाराला ‘झोतभट्टी’ हा रूढ पारिभाषिक शब्द आहे आणि वाऱ्याचा झोत हाच तिचा प्राण असल्याने तो अर्थालाही धरून आहे.

खड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. ‘कीट’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु त्याने गंजाचाही बोध होतो. जुन्या लोहकीटाला ‘मंडूर’ही म्हणतात, पण ‘मंडूर’ म्हटले की वाचकाला वैद्याचे मंडूरभस्म आठवते. पारिभाषिक शब्द ‘धातुमळी’ असा आहे आणि कोल्हापूरकराला तो समजावून सांगण्याची गरजच पडू नये, कारण गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसावर जी घाण तरंगून येते आणि जी झाऱ्याने काढून टाकावी लागते, तिला आपण मळीच म्हणतो. भट्टीतही चुनखडी खनिजातील वाळू-मातीशी संयोग पावते, तो हलका रस वितळलेल्या लोखंडावर तरंगतो आणि त्याला वेगळी वाट काढून दिली जाते. निवल्यावर त्याचेच काचेसारखे तुकडे होतात. साखर कारखान्याची मळी ही निराळी वस्तू असल्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘धातुमळी’ लिहावे आणि पुढे नुसते ‘मळी’ पुरेल.

पुरवणी :
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र ‘झोतभट्टी’ हा शब्द आपल्याकडच्या जुन्या भट्ट्यांना लावू नये, एवढी विनंती करावीशी वाटते. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात जांभ्यातील खनिजापासून कोळशावर लोखंड काढणाऱ्यांना ‘धावड’ म्हणत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही या शब्दाचा अर्थ लोखंड गाळणारी जात असाच दिला आहे. त्यांच्या लहान, मातीच्या भट्टीत लोखंड पूर्ण वितळतच नसे. शुद्ध लोखंड वितळायला सुमारे १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि हाताने चालवलेल्या भात्यावर तेवढी उष्णता साधत नाही. त्यामुळे मळी वितळून वेगळी होई आणि मागे सच्छिद्र गोळा राही, जो घणाने ठोकून घडीव लोखंड तयार करत. उंच झोतभट्टीत लोखंड कोळशातील कार्बन स्वतःच्या वजनाच्या ३ ते ४ टक्क्यांइतका शोषून घेते, त्यामुळे ते कमी तापमानाला वितळते आणि साच्यात ओतता येते, पण घणाखाली फुटते. हेच ‘बीड’. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हा फरक हातानेच ठाऊक असतो. म्हणून लेखात पेनसिल्व्हेनियाच्या भट्टीसाठी ‘झोतभट्टी’ आणि तिच्या उत्पादनासाठी ‘बीड’ लिहावे. ‘धावडाची भट्टी’ हे नाव मातीच्या लहान भट्टीसाठीच राखून ठेवावे.

‘पायवाट’ हा शब्द मात्र तुम्ही योजला आहे तसाच असू द्यावा. ‘पाणंद’ म्हटले तर आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन शेतांमधली, बैलगाडी जाणारी वाट येईल.