कंबरदुखी आणि सायटिका : शस्त्रक्रियेखेरीज कशाने आराम पडला, कशाने नाही

आठ महिन्यांपूर्वी जमिनीवर पडलेली वही उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. पूर्वीही ती भरत असे आणि दोन दिवसांत जात असे. या वेळी मात्र तिसऱ्या दिवशी कमरेचे दुखणे ओसरून डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ उतरू लागली आणि आठवडाभरात पावलाच्या बाहेरच्या कडेला मुंग्या येऊ लागल्या. एमआरआयमध्ये कमरेचा पाचवा मणका आणि त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे हाड) यांच्यामधली चकती सरकून नसेच्या मुळाला टेकल्याचे दिसले. बोलीत आपण यालाच गादी सरकणे म्हणतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी पायाची ताकद तपासली, लघवी-शौचावर ताबा आहे ना हे विचारले, आणि दोन्ही ठीक असल्याने काही आठवडे थांबून पाहण्याचा सल्ला दिला. मी थांबले आणि मला शस्त्रक्रिया लागली नाही.

त्या काळात सल्ल्यांची वानवा नव्हती. वानवा होती ती तपशिलाची. अमुक केले आणि बरे वाटले, असे पुष्कळांनी सांगितले. पण कळ कुठपर्यंत जात होती, कोणत्या स्थितीत वाढत होती, किती आठवडे लागले आणि कशाचा उपयोग झाला नाही, हे क्वचितच कोणी सांगितले. सायटिका हे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेचे, म्हणजे लक्षणाचे नाव आहे. कमरेचा खालचा भाग आणि त्रिकास्थी यांतून निघणारी नसांची पाच मुळे एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस, सायटिक नस, बनते, आणि त्या मुळांशी कोणत्याही कारणाने चिमटा बसला तरी कळ पायातच उतरते. चकती सरकलेल्याला बहुधा वाकताना त्रास होतो, तर मणक्यांमधली नलिका अरुंद झालेल्याला वाकल्यावर बरे वाटते. म्हणजे एकाचा उपाय दुसऱ्याला बाधू शकतो. म्हणून अनुभवांचा हा धागा सुरू करते आहे; वय, काम आणि वरच्या चार गोष्टी लिहूनच इथे आपला अनुभव द्यावा, ही कळकळीची विनंती.

एक गोष्ट मात्र अनुभवांवर सोडण्यासारखी नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले किंवा दोन्ही पायांतले बळ गेले, तर हे वाचत बसू नये; त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांच्या जोडीने कंबर दुखत असेल, तरीही तपासणी लांबवू नये.

आता माझे. पहिले दहा दिवस मी अंथरुणावरच काढले आणि ती माझी सर्वांत मोठी चूक होती. दुखणे हटले नाहीच, उलट पाठ इतकी आखडली की उठून बसण्याचीही धास्ती वाटू लागली. सायटिकाच्या १८३ रुग्णांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला होता, तो पुढे माझ्या वाचनात आला: दोन आठवडे झोपून राहिलेले आणि जमेल तसे हिंडते-फिरते राहिलेले, या दोन्ही गटांतले ८७ टक्के लोक बारा आठवड्यांनी सुधारलेले होते. झोपून राहिल्याने काहीच अधिक मिळाले नव्हते. अकराव्या दिवसापासून मी दिवसातून सहा वेळा पाच-पाच मिनिटे घरातल्या घरात चालू लागले.

खरे वळण मिळाले ते फिजिओथेरपिस्टकडे. त्यांनी मला पालथे झोपवले, मग कोपरांवर टेकून छाती उचलायला लावली, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला: कळ आता कुठे आहे? तिसऱ्या भेटीत पोटरीतली कळ मांडीपर्यंत वर आली आणि कंबर मात्र जास्त दुखू लागली. मी घाबरले, त्यांना समाधान वाटले. कळ पायातून माघारी कमरेकडे सरकणे हे सुधारणेचे लक्षण मानतात. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी १९५० च्या दशकात ही गोष्ट हेरली आणि तिच्यावर आपली उपचारपद्धती उभारली. आयुर्वेदाने गृध्रसीचे (सायटिकाचे तिथले नाव) वर्णन करताना वेदना कुल्ल्यापासून मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी क्रमाने उतरते असे म्हटले आहे. माझे बरे होणे त्याच वाटेने उलटे झाले, हे मला आजही विलक्षण वाटते.

कंबरेच्या पट्ट्याने मला आधार वाटला, आराम पडला नाही. नसेच्या दुखण्यासाठी दिलेल्या प्रीगाबालिनने दिवसभर गरगरे आणि कळ तशीच राही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतही सायटिकावर ते औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नव्हते. ते मी डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद केले. असे औषध एकाएकी सोडू नये. तासभर सलग बसता यायला अकरा आठवडे लागले. मुंग्या पुरत्या जायला सहा महिने.

दूर पल्ल्याचा वाहनचालक, वय ४१

माझी कळ गुडघ्याच्या खाली कधी गेली नाही, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला नाही, आणि आता वाटते की ते बरेच झाले. गाडीत बसल्यावर अर्ध्या तासात उजवा कुल्ला पेटत असे, उभे राहिलो की शमत असे. बसल्यावर, आणि त्यातही पुढे झुकून बसल्यावर, चकतीवरचा दाब उभे राहण्यापेक्षा बराच वाढतो, असे स्वीडनचे शल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी माणसांच्या चकत्यांत सुई घालून मोजले होते, असे मला समजावून सांगण्यात आले. मी दर पाऊण तासाला उतरून दोन मिनिटे चालण्याचा नियम केला, कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि मागच्या खिशातले पाकीट पुढे आणले. शेकाने रात्री झोप लागे, एवढाच त्याचा उपयोग. पाच आठवड्यांत मी पूर्ववत कामावर होतो.

सेवानिवृत्त शिक्षिका, वय ६८

वरचा पालथे झोपण्याचा व्यायाम मी कोणाच्या तरी सांगण्यावरून, तपासून न घेता, आठ दिवस केला आणि दोन्ही पाय जड होऊ लागले. माझे दुखणे वेगळे होते. दोनशे-तीनशे पावले चालले की पोटऱ्या भरून येत, बसले की पाच मिनिटांत मोकळ्या होत. सामानाच्या ढकलगाडीवर वाकून चालताना मात्र कितीही चालता येई. ही मणक्यांमधली नलिका अरुंद झाल्याची खूण होती, आणि मागे वाकल्याने ती नलिका आणखी आवळते. निदान झाल्यावर मला गुडघे छातीशी घेण्याचे व्यायाम आणि जागेवरची सायकल दिली गेली. सायकलवर मी पुढे झुकलेली असते, म्हणून वीस मिनिटे विनासायास जातात. चार महिने झाले आहेत. नलिका रुंद झालेली नाही, पण आता हजार पावले न थांबता होतात आणि मी त्यात समाधानी आहे.

संगणकावर काम करणारा, वय ३६

माझा अनुभव दुखण्याइतकाच भीतीचा आहे. माझ्या अहवालात तीन चकत्या फुगल्याचे आणि दोन ठिकाणी झीज झाल्याचे लिहिले होते. ते वाचल्यापासून मी वाकणे सोडले, मुलीला उचलणे सोडले, पोहणे सोडले, बुटाची नाडीसुद्धा पाय वर घेऊन बांधू लागलो. चार वर्षे मी माझी पाठ काचेच्या भांड्यासारखी जपली आणि चार वर्षे ती दुखतच राहिली. मसाज, अल्ट्रासाउंडचा शेक, कमरेचे ओढण (ट्रॅक्शन), असे सारे करून झाले. प्रत्येकाचा गुण एक-दोन दिवस टिकला.

मग एका वेदनातज्ज्ञ डॉक्टरांनी मला १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. कंबरदुखीचा त्रास नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा निघाला होता. ते म्हणाले, "तुमच्या अहवालात जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे तुमच्या वयाचे आहे, तुमच्या दुखण्याचे नाही." या एका वाक्याने मला जितके बळ दिले तितके एकाही गोळीने दिले नव्हते. त्यानंतरचे काम सोपे नव्हते. मानसशास्त्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट अशा दोघांबरोबर मी टाळलेल्या हालचालींची यादी केली आणि सर्वांत कमी भीतीच्या हालचालीपासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीवरून वाकून जमिनीला हात लावणे होते. दुखले तर थांबायचे नाही, संख्या कमी करायची. अजिबात दुखले नाही म्हणून दुप्पटही करायची नाही. सातव्या महिन्यात मी मुलीला उचलले. ती आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जड झाली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणे आणि मानसोपचार यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे, ओढण आणि अल्ट्रासाउंड यांची शिफारस नाही. हे चार वर्षांपूर्वी हाती असते तर, असे मनात येते.

परिचारिका, वय ४७

मी थोडक्यात लिहिते. उजव्या पायात इतकी तीव्र कळ होती की व्यायाम करताच येत नव्हता, म्हणून सातव्या आठवड्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने नसेच्या मुळाजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले. चौथ्या दिवसापासून सहा आठवडे उत्तम गेले. इंजेक्शनने दुखणे मिटले असे मी म्हणणार नाही. त्याने मला व्यायामाची संधी दिली आणि ती मी दवडली नाही. चार महिन्यांनी घेतलेल्या दुसऱ्या इंजेक्शनने काहीही झाले नाही.

योगाभ्यासी, वय ५२

पश्चिमोत्तानासनाने कंबर मोकळी होईल असे समजून मी ते रोज केले आणि तीन आठवड्यांत मांडीपर्यंतचे दुखणे पावलापर्यंत नेले. दोष आसनाचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. पुढे जाणत्या शिक्षकांनी पुढे वाकण्याची सर्व आसने बंद करून अर्धे भुजंगासन आणि एकेका पायाचे शलभासन दिले, आणि नऊ आठवड्यांत फरक पडला. झोपायची गादी कशी असावी, असे कोणी विचारले होते: मी फळीवर झोपूनही पाहिले, उपयोग झाला नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ३१३ जणांच्या चाचणीत जुनाट कंबरदुखीला कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक मानवली होती.

धागा सुरू करणारी

हे वाचून मला दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरे देते. सरकलेली चकती आपोआप आत जाते का? ती जागेवर परत बसते असे नव्हे. बाहेर आलेला भाग शरीर परका समजून हळूहळू शोषून घेते, आणि हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. मोठा तुकडा बाहेर आलेला असेल तर ते घडण्याचा संभव उलट अधिक असतो. दुसरा प्रश्न, बरे झाल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे? माझ्यापुरते उत्तर चालणे हे आहे. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात टप्प्याटप्प्याने चालणे वाढवलेल्यांपैकी निम्म्यांचे दुखणे उलटायला २०८ दिवस लागले, इतरांपैकी निम्म्यांचे ११२. मी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालते.

छायाचित्रकार, वय ३९

माझा अनुभव या धाग्यात बसतो की नाही, याविषयी मी साशंक होते, पण न लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते. मी नऊ आठवडे सर्व काही नेमाने केले. दहाव्या आठवड्यात चालताना चप्पल पायातून निसटू लागली आणि डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येईना. मी तो थकवा समजून चार दिवस घालवले. ते घालवायला नको होते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी कळ गेली, अंगठ्याचे बळ मात्र पाच महिन्यांनीही पुरते आलेले नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात थांबून पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्के जणांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली होती, आणि वर्षअखेर लवकर केलेले व थांबलेले सारखेच सुधारले होते. माझ्यासारखी ताकद गेलेल्यांना हा हिशेब लागू नाही. रोज सकाळी टाचांवर दहा पावले चालून पाहावे. पाऊल खाली पडू लागले तर त्याच दिवशी कळते.

ग्रंथपाल, वय ४४

मी अजून बरी झालेली नाही. हा माझा पाचवा आठवडा आहे. या सर्वांचे अनुभव वाचून मी वहीत दिवसातून दोनदा फक्त दोन गोष्टी लिहू लागले: कळ कुठपर्यंत आहे आणि किती मिनिटे बसता आले. पहिल्या दिवशी घोटा आणि सहा मिनिटे अशी नोंद आहे. मधले चार दिवस काहीच बदलले नाही आणि एक दिवस ती पुन्हा घोट्यापर्यंत गेली, तेव्हा फार निराश झाले होते. टाचांवरची दहा पावले आजही नीट झाली. आज सकाळची नोंद मांडीचा मध्य आणि बावीस मिनिटे अशी आहे. संध्याकाळची लिहायची आहे.