मदत हवी आहे: जुना मेटल डिटेक्टर बदलू की फक्त कॉइल (खालची शोधणारी तबकडी)?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये नॉरफकला राहतो. आठ वर्षांपासून रविवारी शेतात डिटेक्टर घेऊन फिरतो. शेतमालकाची लेखी परवानगी आहे, मिळेल त्यात निम्मं निम्मं ठरलंय. (अजून वाटून घ्यावं असं काही निघालेलं नाही, तो भाग वेगळा.)

माझं यंत्र साधं आहे: एकच फ्रीक्वेन्सी, साडेसहा किलोहर्ट्झ, चार पेन्सिल सेल. नांगरलेल्या कोरड्या शेतात मस्त चालतं. जॉर्ज राजांच्या काळातले तांब्याचे पेनी, बटणं, शिशाच्या गोळ्या भरपूर मिळाल्या. पण मध्ययुगातली हातोड्याने ठोकलेली चांदीची नाणी, पातळ आणि नखाएवढी, आठ वर्षांत फक्त दोन! बरोबरचा मित्र त्याच शेतात एका हंगामात पाच काढतो. त्याचं यंत्र मल्टी-फ्रीक्वेन्सी आहे, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर शोधणारं. शिवाय ग्रेट यार्मथच्या ओल्या वाळूत माझं यंत्र नुसतं किरकिरतं. खारं पाणी वीजवाहक, म्हणून सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागते, आणि मग खोलवरचं काही कळतच नाही.

मनात माइनलॅब इक्विनॉक्स ७०० हे यंत्र आहे. मल्टी-फ्रीक्वेन्सी आहे आणि ५ मीटरपर्यंत पाण्यात चालतं. बायकोचं म्हणणं, "आधी हळू चालायला शिक, झाडू मारल्यासारखा फिरवतोस." त्यात तथ्य आहे, नाकारत नाही.

समुद्रावर वर्षातून जेमतेम चारदा जातो. तेवढ्यासाठी एवढा खर्च करावा का? की जुन्यालाच लहान कॉइल लावून कचऱ्याच्या जागी बारीक नाणी हाती लागतील? दोन्ही वापरलेल्यांनी सांगा. सेकंडहँड घेताना काय तपासायचं तेही.