मदत हवी आहे : छळ करणाऱ्या नवऱ्याचा खून आणि ‘अचानक’ची अट

कारागृहातील महिलेच्या अपिलासाठी मुद्दे काढतोय. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची, म्हणजे नवी भारतीय न्याय संहिता येण्याआधीची; त्यामुळे जुनी भारतीय दंड संहिताच लागू. कलम 300 (खून) च्या अपवाद 1 मुळे गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो, पण त्याला प्रक्षोभ ‘गंभीर आणि आकस्मिक’ लागतो. नवरा झोपलेला असताना वार झाला की सरकारी वकील ‘आकस्मिक’वरच बोट ठेवतात, आणि वर्षानुवर्षांची मारहाण बचावाऐवजी खुनाचा हेतू ठरते. हे मला अतिशय अन्यायकारक वाटतं.

मद्रास उच्च न्यायालयाने 1989 मध्ये सुयंबुक्कनी खटल्यात साचत गेलेला प्रक्षोभ मान्य केला. इंग्लंडमध्ये छळ करणाऱ्या नवऱ्याला मारणाऱ्या किरणजीत अहलुवालियांची जन्मठेप 1992 मध्ये रद्द झाली, पण मानसिक स्थितीच्या मुद्द्यावर. तिथे 2009 च्या कायद्याने ‘अचानक’ची अट काढली. आपल्याकडे ती नव्या संहितेतही कायम आहे.

अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, संभाव्यतेच्या पातळीपर्यंत. त्यामुळे जुने अदखलपात्र गुन्ह्यांचे उतारे, दवाखान्याचे केसपेपर, शेजारी-माहेरच्यांची उलटतपासणी लागते. इथे खालच्या कोर्टात यातलं काहीच आलेलं नाही.

अपिलात अतिरिक्त पुरावा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 391) मागून मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष कुणी नोंदवून घेतली आहे का? मुंबई उच्च न्यायालयाचा असा निकाल असल्यास क्रमांक द्या.