कुत्र्याला इंजेक्शन द्यायचंय, मुलांना काय सांगायचं?

पार्लेकर_आई
आमच्या ११ वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. शनिवारी इंजेक्शनने शांत मरण देऊन त्याला त्रासातून सोडवायचं ठरलंय. मुलगा ४ वर्षांचा, मुलगी ९ची. सासूबाई म्हणतात, "गावाला नेऊन सोडला" असं सांगा. मला ते पटत नाही, पण खरं नेमक्या कोणत्या शब्दांत सांगू? मुलीला तिथे थांबू द्यावं का?

बालसमुपदेशक_दादर
"मेला" हाच शब्द वापरा. "झोपला" म्हटलं तर धाकटा रात्री झोपायला घाबरेल. "गावाला सोडला" म्हटलं तर मे महिन्यात गावी गेल्यावर तो त्याला शोधत बसेल. मोठीला तर लिफ्टमध्ये कोणीतरी सांगेलच, आणि मग आईबाबा खोटं बोलले हे तिच्या मनातून जाणार नाही.

धाकट्याला एवढंच सांगा: "त्याच्या पोटातला रक्त साफ करणारा भाग बिघडला. औषधांनी बरा झाला नाही. तो मेला. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही." नुसतं "आजारी होता" म्हणू नका, पुढच्या तापात मूल स्वतःसाठी घाबरतं. या वयात मरण तात्पुरतं वाटतं, म्हणून "कधी येणार?" पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. आणि त्याने विचारलं नाही तरी सांगा, की तू शेपूट ओढलीस म्हणून हे झालं नाही.

सासूबाईंनी "देवाघरी गेला" म्हटलं तर चालेल, पण आधी "मेला" सांगून झाल्यावर. घरात दोन वेगळ्या गोष्टी नकोत.

प्राण्यांचा_डॉक्टर
मुलीला विचारा, आग्रह नको. थांबणार असेल तर आधीच सांगून ठेवा: पहिल्यांदा गुंगीचं औषध, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. लघवी होऊ शकते, आणि नंतरही एखादा श्वास घेतल्यासारखी छाती हलते. हे माहीत नसेल तर तिला वाटेल, तो अजून जिवंत आहे. तिला बाहेर नेणारं एक माणूस जवळ हवं. "इंजेक्शन द्यायचं का?" हा प्रश्न मात्र तिला कधीच विचारू नका, तो भार तिचा नाही.

धाकट्याला सांगा, लसीची सुई वेगळी, ही वेगळी. नाहीतर पुढच्या लसीला तो दवाखान्यात पाय ठेवणार नाही.

काही तासांत अंग ताठरतं, म्हणून लगेच पाय दुमडून कुशीवर निजवा, खाली प्लास्टिक, वर चादर. मुंबईच्या दमट हवेत एसी लावा, पोटाशी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ ठेवा आणि त्याच दिवशी न्या.

मालाडकर
मालाड पश्चिमेला एव्हरशाइन नगरच्या कोंडवाड्यात पालिकेची प्राण्यांसाठी दहनभट्टी आहे, २०२३ पासून. आधी फोन करून वेळ घ्या, कागदपत्रं कोणती लागतात आणि राख मिळते का तेही तेव्हाच विचारा. सोसायटीच्या बागेत पुरू नका, पावसात माती खचते आणि भटकी कुत्री उकरतात. मुलांनी ते बघणं फार वाईट.

शुक्रवारीच, तो असताना, मळलेल्या कणकेवर पंजाचा ठसा घ्या. कणकेत निम्मं मीठ घाला, नाहीतर बुरशी येते. पट्टा आणि वाडगा मुलांना विचारल्याशिवाय हलवू नका.

पार्लेकर_आई
ठसा उद्याच घेते. शाळेत सांगावं का?

बालसमुपदेशक_दादर
हो, दोघांच्याही वर्गशिक्षिकांना, सोमवारच्या आत. दोनतीन आठवड्यांनंतरही मुलं जेवत-झोपत नसतील किंवा धाकटा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला तर समुपदेशकाला दाखवा. नवं पिल्लू मात्र आत्ता आणू नका.