जॅझचं कॉलेज: शिक्षण की पैसे पाण्यात?

बोस्टनकर
'जॅझ कॉलेजात शिकून येत नाही, जुने सगळे बँडस्टँडवरच (प्रत्यक्ष मंचावर वाजवत) तयार झाले, फी म्हणजे पैसे पाण्यात' असं कालच्या लेखात ठोकून दिलंय आणि खाली सगळ्यांच्या माना डोलतायत. अहो, जुने म्हणजे नक्की कोण? ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस 1944 मध्ये न्यूयॉर्कला आला तो ज्युलियार्ड या संगीत विद्यालयात प्रवेश घेऊन. बासवाल्या रॉन कार्टरकडे ईस्टमन संगीत विद्यालयाची पदवी, वर मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकची मास्टर्स. शिकागोच्या ड्युसेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट हे बँडमास्तर होते. सॅक्सोफोनवाले जीन अमन्स आणि जॉनी ग्रिफिन त्यांच्याच हाताखालून गेले. नॉर्थ टेक्सास विद्यापीठात तर 1947 पासून जॅझची पदवी आहे. तिथल्या लॅब बँडांची (विद्यार्थ्यांच्या बँडांची) नावं तालमीच्या वेळेवरून पडली, वन ओ'क्लॉक सगळ्यात वरचा. वर चढायचं तर दर सत्राला नव्याने ऑडिशन. हा बँडस्टँड नाही तर काय आहे?

उलटा_सुलटा
माइल्सने वर्षभरात ज्युलियार्ड सोडलं आणि सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या मागे लागला, तेवढं बरं सोयीस्कर गाळलंत.

मूळ दुखणं अभ्यासक्रमाचं आहे. पहिल्या सत्रात कॉर्ड-स्केल, म्हणजे प्रत्येक कॉर्डला एक ठरलेली स्केल: जी7 (जी, बी, डी, एफ हे स्वर) दिसला की जी मिक्सोलिडियन ही स्केल. पोरगं आठव्या मात्रांत (एका ठोक्याला दोन स्वर) वरून खाली येतं: जी, एफ, ई, डी, सी, बी, ए. ठोक्यावर काय पडलं? जी, ई, सी, ए. ऐकणाऱ्याला ए मायनर वाटतो, जी7 गायब! स्केल शंभर टक्के बरोबर आणि हार्मनी चुकलेली. जी आणि एफच्या मधे एफ शार्प घाला, मग ठोक्यावर जी, एफ, डी, बी पडतात. पियानोवाले बॅरी हॅरिस आयुष्यभर वर्कशॉपमध्ये हेच सांगत होते: कॉर्डच्या स्वरावरून उतरायला लागलात तर एक अर्धस्वर घाला, कॉर्डबाहेरच्या मधल्या स्वरावरून निघालात तर एकही नाही किंवा दोन.

आणि ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे रेकॉर्डवरचा सोलो उतरवणं! चार बार लूपवर, वेग 60-70 टक्के, आधी गळ्यातून, मग वाद्यावर, कागद सगळ्यात शेवटी. कॉलेजात उलटं, आठवड्याला एक सोलो लिहून द्या, मार्क सुबक अक्षराला. कागदावर सगळ्या आठव्या मात्रा सारख्या दिसतात. उपठोक्यावर (दोन ठोक्यांच्या मधे) जीभ मारून पुढच्या ठोक्यात ओढलेला स्वर, अर्धवट गिळलेला स्वर, यातलं काहीच उतरत नाही.

बोस्टनकर
एफ शार्पचं हे गणित कुठल्याही बऱ्या मास्तराच्या पहिल्या महिन्याच्या तासात असतं. मास्तर वाईट म्हणून कॉलेजच नको, हा कुठला न्याय?

आणि बँडस्टँडवर शिका म्हणजे नक्की कुठे, साहेब? इथून अमेरिकेत जाणारं पोरगं एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातं. पहिलं शैक्षणिक वर्ष कॅम्पसबाहेर कामाला बंदी, कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास. बारमध्ये रोख चाळीस डॉलर हातावर ठेवले तरी ती बेकायदा नोकरी. पदवीनंतर ओपीटीचे (त्याच विषयात काम करायच्या परवानगीचे) 12 महिने. परफॉर्मन्सची पदवी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) बसत नाही, त्यामुळे वाढीव 24 महिने मिळत नाहीत. तोवर बँडस्टँड म्हणजे फुकटचा जॅम (आयत्या वेळी जमून वाजवणं) आणि कॉलेजचा एन्सेम्बल (वाद्यसंच). एन्सेम्बल काढून घेतलात तर त्या पोराच्या हातात उरतं काय?

डबलबास
एन्सेम्बलचं नाव काढलंत म्हणून बोलतो. कुठल्याही कॉलेजात जा, गिटारवाले ढीगभर आणि बासवाला एक. तो चार एन्सेम्बलमध्ये ओढला जातो. एका खोलीत दोन गिटार, एक पियानो आणि तिघेही एकाच वेळी पाच-पाच स्वरांचे कॉर्ड दडपतायत. गिटारवाला सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात (फ्रेटमध्ये) जी धरून बसतो. मी जी7 च्या जागी डी फ्लॅट घेतला (जॅझमधली नेहमीची अदलाबदल) की त्याच्या जीवर आपटून खाली चिखल. मग मास्तर विचारणार, 'बास ऐकू का येत नाही?'

तारा_सहा
झालं, गिटारवाले गुन्हेगार. पियानोवाला डाव्या हाताने त्याच पट्ट्यात बिनरूटचे (कॉर्डचा मूळ स्वर सोडून) चार स्वर धरतो आणि उजव्याने भरणा चालू, त्याला कोण बोलतं? गिटारवाला फ्रेडी ग्रीन 1937 पासून 1987 पर्यंत काउंट बेसीच्या बँडमध्ये अ‍ॅम्पशिवाय चार ठोके देत बसला. ते जमलं कारण पियानोवर बेसी होता, तो मोजकंच वाजवायचा.

डबलबास
मग करा ना फ्रेडी ग्रीन! अडवलंय कोणी? चौथी आणि तिसरी तार, बाकी चार बंद. डी मायनर7: चौथीवर तिसरा पडदा, तिसरीवर पाचवा. जी7: चौथी तिथेच, तिसरीवर चौथा. सी मेजर7: तिसरी तिथेच, चौथीवर दुसरा. प्रत्येक वेळी एकच बोट हलतं आणि कॉर्डचा तिसरा-सातवा स्वर दोन्ही मिळतात. रूट माझ्यावर सोडा. पाच स्वरांचा आकार धरल्याशिवाय शिकल्यासारखं वाटत नाही, ही गिटारवाल्यांची खाज आहे.

तारा_सहा
खाज वगैरे भाषा आवरा. दोन तारांचं मान्य, पण पियानोवाल्यालाही पाळी लावा. पहिल्या सोलोमागे पियानो, दुसऱ्यामागे गिटार, आणि हे गाणं सुरू होण्याआधी ठरवा. मास्तर हे सांगत नाहीत, कारण एन्सेम्बलमध्ये प्रत्येकाला 'वाजवण्याची संधी' द्यायची असते.

पणजीकर
कागद कानाला मारतो म्हणणाऱ्यांसाठी. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरं आधी सोल्फा (डो-रे-मी म्हणत स्वर वाचायला) शिकत, मग व्हायोलिन हातात मिळे. त्याच पिढ्या मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत होत्या. ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटचा ताजमधला बँड आठवा. पुढे फिल्मी ऑर्केस्ट्राची अर्धी नोटेशनं याच लोकांनी लिहिली.

उलटा_सुलटा
चर्चने स्विंग शिकवला नाही, पणजीकर. तो रेकॉर्डवरूनच आला.

बरं, व्हिसाचा मुद्दा दिला तुम्हाला, घ्या. पण ते पुस्तक नाही देणार. रिअल बुक (जॅझ गाण्यांच्या चाली आणि कॉर्डांचं पुस्तक) 1970 च्या दशकात बोस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजच्याच पोरांनी चोरून छापलं, 2004 मध्ये अधिकृत झालं, आणि आज पोरं त्यातून मान वर काढत नाहीत. ऑटम लीव्ह्ज हे गाणं त्यात ई मायनरमध्ये आहे, जॅममध्ये जी मायनर पुकारतात. पुकारल्यावर चेहरे बघा.

बोस्टनकर
मग पाठांतर बाराही सुरांत घ्या, पुस्तक कपाटात जाईल. त्यासाठीही मास्तरच लागतो.

तारा_सहा
जी मायनर आम्हाला चालतो. बासवाल्यांनी आधी तो अ‍ॅम्प आठवरून चारवर आणावा.