मदत हवी आहे: भाषण दाखवणाऱ्या चॅनलवर केस होते का?

नमस्कार मंडळी, परभणी जिल्ह्यातून लिहायलोय. आमच्या तालुक्यात मागच्या आठवड्यात एका सभेत एकजण आमच्या मातंग समाजाबद्दल लई घाण बोलला, ते इथं लिहिवत नाही. पण खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. एका लोकल यूट्यूब न्यूज चॅनलनं नेमकं तेवढंच कापून रील केली, वर भडक हेडिंग टाकलं, आणि आता ती गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरायलीय, पोरं एकमेकांकडं खुन्नसनं बघायलीत.

ठाण्यात गेलो तर म्हणले बोलणाऱ्यावर बघू, चॅनलनं तर फक्त दाखवलं. हे पटत नाही बगा. ॲट्रॉसिटी कायद्यातल्या कलम ३(१)(यू) मध्ये बोललेले, लिहिलेले शब्द, दृश्य सगळंच येतं, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (जुनं १५३अ) पण इलेक्ट्रॉनिक माध्यमाचं नाव घेतं. मग कापणारा, हेडिंग देणारा संपादक सुटतो कसा? आयटी ॲक्टच्या कलम ७९ चं संरक्षण मधल्या प्लॅटफॉर्मला असतं ना, स्वतः बनवून टाकणाऱ्याला कसं मिळेल?

एसपी साहेबांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) खाली लेखी अर्ज द्यायचं ठरवलंय. त्यात चॅनलचं नाव आरोपी म्हणून टाकावं का? रील डिलीट व्हायच्या आत पुरावा कोर्टात टिकेल असा कसा जपायचा, नुसता स्क्रीनशॉट चालतो का? छत्रपती संभाजीनगर खंडपीठात असली केस चालवलेले कुणी वकील असतील तर प्लीज सांगा, घाई आहे.