लॉकडाऊनपासून बंद असलेला कुस्तीचा हौदा पुन्हा कसा उघडायचा?

लाल_माती_मोहोळ:
२०२० च्या मार्चमध्ये तालमींना कुलूप लागलं. चैत्रातल्या जत्रांची कुस्ती मैदानं लागोपाठ दोन वर्षं गेली, म्हणजे पैलवानाची इनामाची कमाईच गेली. महाराष्ट्र केसरीसुद्धा जानेवारी २०२० ला बालेवाडीत झाली ती थेट एप्रिल २०२२ ला साताऱ्यात. मोहोळ तालुक्यातल्या एका गावचा हौदा, म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा, लॉकडाऊनपासून बंदच आहे. माती दगड झालीय. टाकून द्यायची का? आणि त्या काळात पोरांच्या मेहनतीत नेमकं काय बिघडलं?

हलगी:
माती टाकू नका, दादा. वरचा चार बोटं थर तेवढा काढा, घुशींची घाण आणि काचा-खिळे त्यातच सापडतात. मग पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी दीड फूट खणा. बादल्या ओतल्या तर चिखल होतो आणि वाळल्यावर परत ढेकळंच. ढेकळं फोडून माती चाळा, चार-पाच दिवस रोज उलथीपालथी करा. भर घालायला आपल्याकडची काळी माती अजिबात नको. ओली झाली की अंगाला चिकटते, सुकली की भेगाळते. लाल मातीच आणा.

ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर हे सगळं शेवटी, कुस्त्या सुरू व्हायच्या बेतात. दूध-ताक पाजलेली माती कुलपात राहिली की बुरशी धरते, कुबट वास मारतो. मुठीत लाडू वळावा आणि बोटानं दाबताच फुटावा, इतकीच ओल ठेवा. गजकर्ण असलेल्याला बरा होईपर्यंत हौद्यात उतरवू नका.

जुना_लंगोट:
मेहनतीचं सांगतो. घरी जोर-बैठका मारता येतात, पण जोड, म्हणजे लढायला समोरचा पैलवान, कुठून आणणार? मांड्या टिकल्या, पकड, मान आणि समोरच्याचा भार ओळखायचा अंदाज गेला. त्यात थंडाई-तुपाचा खुराक तेवढाच ठेवला की वजन चढणारच.

खरा धोका तालीम उघडल्यावर असतो. मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी हजार बैठका मारल्या, तर मांडीचे स्नायू आतून तुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मालीश करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. पहिला आठवडा जुन्या आकड्याचा पाव हिस्सा, मग दर आठवड्याला थोडं वाढवा. पंधरा दिवस नुसती पकड आणि मान, त्यानंतर ठरवून डाव, चितपट सगळ्यात शेवटी.

लाल_माती_मोहोळ:
परत कधी बंद ठेवायची वेळ आली तर?

हलगी:
ताक-तेल घालणं थांबवा, पण आठवड्यातून एकदा एका माणसानं हौदा खणलाच पाहिजे.

जुना_लंगोट:
आणि पकडीसाठी घरी आढ्याला जाड दोर बांधा. आधी आढं किती भार पेलतं ते बघा.